बंद इंजिनावर बूस्ट उणे का दिसतो? डिजिटल गेज आणि डेटालॉगर नीट कामाला लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी साताऱ्यातली, पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, स्टेज वन रिमॅप केलेली, म्हणजे फक्त ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललेली. तिच्यात ५२ मिलिमीटरचा डिजिटल गेज बसवलाय. तो ओबीडीवरून (गाडीच्या निदानाच्या सॉकेटवरून) वाचतो, बाहेरच्या सेन्सरसाठी त्याला चार ॲनालॉग इनपुट आहेत आणि लॉग एसडी कार्डावर जातो. तक्रारी तीन: इंजिन बंद असताना बूस्ट (टर्बो बाहेरच्या हवेच्या दाबावर चढवतो तो जादा दाब) उणे ८ किलोपास्कल दिसतो, हेडलाइट लावले की ऑइल प्रेशरचा आकडा उडतो, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते. शिवाय लॉग कशाकशाचा करायचा आणि तो वाचायचा कसा, हेही विचारलंय.

उणे ८ पासून सुरुवात करू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

गेज बिघडलेला नाही. सेन्सर मोजतो तो निरपेक्ष दाब, म्हणजे पोकळीपासूनचा दाब. बूस्ट दाखवण्यासाठी गेज त्यातून हवेचा दाब वजा करतो, आणि बरेच गेज तिथे समुद्रसपाटीचा १०१.३ हा आकडा डोळे झाकून धरतात. सातारा साधारण ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच ९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. ९३ उणे १०१, म्हणजे उणे ८. पीएसआयमध्ये उणे १.२. हीच गाडी सांगलीला, साधारण ५५० मीटरवर नेली तर उणे ६ दिसेल, आणि महाबळेश्वरला, १३५० मीटरच्या वर, उणे १५. म्हणजे तुमचा गेज आत्ता चालत्या गाडीतही बूस्ट १.२ पीएसआय कमीच दाखवतोय.

गेजच्या मेन्यूत बॅरोमीटर, झिरो किंवा ॲटमॉस्फिअर अशा नावाची सेटिंग असते. काही गेज चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, आपोआप शून्य पकडतात. त्यात एक गोम आहे. वाईला चावी फिरवून पाचगणीला पोचलात तर शून्य वाईचंच राहतं, वर गेल्यावर बूस्ट पुन्हा चुकतो. म्हणून माझा आग्रह असा की पडद्यावर हवं तर बूस्ट ठेवा, पण लॉगमध्ये कायम निरपेक्ष दाबच घ्या. ओबीडीत प्रत्येक आकड्याला एक क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात; हा दाब पीआयडी ०बी वर मिळतो. त्याच्या शेजारी हवेचा दाब, पीआयडी ३३, हाही एक रकाना ठेवा. दोन्ही एका बाइटचे आकडे आहेत, ० ते २५५ किलोपास्कल. स्टेज वनला ही मर्यादा आड येत नाही, पण मोठा टर्बो बसवलेल्या गाडीत लॉग २५५ वर सपाट झाला तर तो बूस्ट तिथे थांबला म्हणून नव्हे, आकडा संपला म्हणून.

निरपेक्ष दाबाचा आग्रह का, तेही सांगतो. ईसीयू मागणी निरपेक्ष दाबाची करतो. हिशेबाला सोपं म्हणून २०० किलोपास्कल धरा. मुंबईला टर्बोला हवा १०१ वरून २०० वर न्यायची आहे, जवळपास १.९७ पट. साताऱ्यात ९३ वरून, म्हणजे २.१५ पट. महाबळेश्वरला ८६ वरून, म्हणजे २.३३ पट. बूस्टच्या भाषेत तेच आकडे १४.३, १५.५ आणि १६.५ पीएसआय होतात. इंजिनाला मिळालं तेवढंच, पण टर्बोला कष्ट वाढत गेले. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि आत येणारी हवा ३५ अंश धरली, तर १.९७ पटीला बाहेर पडणारी हवा साधारण १२९ अंशांची, आणि २.३३ पटीला १५५ अंशांची. महाबळेश्वरची हवा थंड असते, त्यामुळे यातले दहाएक अंश परत मिळतात, सगळे मिळत नाहीत. मुंबई-पुण्याकडे ट्यून केलेली फाइल घाटमाथ्यावर टर्बोला धाप लावते, त्याचं कारण हे आहे. ट्यूनरला लॉग पाठवताना गाव आणि उंची लिहिली नाही तर तो निम्म्या माहितीवर उत्तर देणार.

आता ऑइल प्रेशर. हेडलाइट लावले की आकडा उडतो, याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) खराब. हेडलाइटचा करंट बॉडीतून परत जाताना ज्या बोल्टवरून जातो, त्याच बोल्टवर किंवा त्याच्या वाटेत गेजचा अर्थ जोडलेला असतो. तिथे ०.१ व्होल्ट जरी वर सरकला तरी तो सेन्सरच्या आकड्यात मिसळतो. ० ते १० बार मोजणारा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर असेल, तर त्याचा एक बार म्हणजे ०.४ व्होल्ट. म्हणजे ०.१ व्होल्टची गडबड पाव बारची चूक करते. गरम इंजिन आयडलला दीड बारवर असताना पाव बार म्हणजे अलार्म वाजायला पुरेसा.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक पिन गेजच्या काळ्या वायरीवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. इंजिन सुरू, मग हेडलाइट हाय बीमवर, एसीचा पंखा पूर्ण, मागची काच गरम करणारी जाळी चालू. आकडा २० मिलिव्होल्टच्या आत राहिला पाहिजे. ८०-१०० दिसले तर तो अर्थ बदला. डॅशबोर्डमागचा मिळेल तो स्क्रू पकडू नका. कंपनीच्या अर्थ पॉइंटवर जा, रंग खरवडून धातू उघडा करा, लग नीट क्रिम्प करा आणि घट्ट झाल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. गाडी सेकंडहँड असेल आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली परिसरात उभी होती अशी जराही शंका असेल, तर कार्पेट उचलून खालचे अर्थ पॉइंट आणि कपलर आधी पाहा. तिथली हिरवी बुरशी साफ केल्याशिवाय कुठल्याच गेजचा आकडा खरा येणार नाही.

सेन्सरच्या तीन वायरींपैकी पाच व्होल्टची वायर गेजच्याच पाच व्होल्ट आउटपुटवरून घ्या. ईसीयूच्या सेन्सरमधून पाच व्होल्ट टॅप करणारे वायरमन भेटतात. ते करू देऊ नका. ती वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर त्या लाइनवरचे गाडीचे स्वतःचे सेन्सरही एकदम बंद पडतात. सेन्सरचा अर्थही गेजच्या सेन्सर ग्राउंड पिनवर न्या, बॉडीवर नको.

जुन्या पद्धतीचा एका वायरीचा सेंडर (दाबाचा सेन्सर) असेल तर गोष्ट वेगळी. त्याला अर्थ मिळतो आट्यांमधून. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे गुंडाळले की अर्थ तुटतो आणि आकडा नाचायला लागतो. तिथे पातळ थ्रेड सीलंट वापरा, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

सेंडर बसवायच्या जागेबद्दल मी कडक आहे. पितळी जोड लावून त्याच्या टोकाला जड सेंडर थेट इंजिनवर लटकवला की कंपनाने तो जोड मानेत तडकतो. ऑइल गरम टर्बोवर उडतं, आणि पुढचं सांगायला नको. सेंडर बॉडीवर क्लॅम्पने बांधायचा आणि इंजिनपासून तिथपर्यंत स्टीलच्या जाळीची ब्रेडेड होज न्यायची. जोड स्टीलचा. सांगली-मिरजेकडे असाल तर कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर असा जोड करून मिळतो, पण नमुना हातात घेऊन जा, कारण घोळ आट्यांचा होतो. एक सुती (१/८ इंची) एनपीटीला, म्हणजे अमेरिकन पाइप आट्याला, इंचाला २७ आटे; एक सुती बीएसपीला, म्हणजे ब्रिटिश आट्याला, २८. तीन आटे सहज जातात, मग अडकतं, आणि पाना लावून रेटलं की दोन्ही खराब. आपल्याकडे हायड्रॉलिकच्या आणि ठिबकच्या दुकानांत मिळतं ते बहुतेक बीएसपी, गेजच्या डब्यातला सेंडर मात्र बहुतेक एनपीटी. फोक्सवॅगनच्या साध्या ऑइल स्विचचे आटे सहसा एम१० बाय १ असतात. तिन्ही दिसायला भाऊ-भाऊ. थ्रेड गेज लावून मोजा.

त्याआधी कंपनीच्या स्विचचा कपलर पाहा. त्यात एकच वायर असेल तर तो नुसता स्विच आहे, टी जोड लावून तो तसाच चालू ठेवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधीही काढून टाकायचा नसतो. तीन वायरी असतील तर तो ईसीयूला आकडा देणारा सेन्सर आहे. मग स्कॅनरने तो आकडा ईसीयूतूनच वाचता येतो का ते आधी बघा. येत असेल तर वेगळा सेंडर, होज, जोड, सगळंच वाचलं. गळतीची एक जागा कमी होणं हीसुद्धा कमाई आहे.

सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसून सेन्सरला जागा देणारी चकती) लावायची असेल तर फिल्टरच्या नळीचे आटे मोजूनच मागवा, ३/४-१६ आणि एम२० बाय १.५ यांत गल्लत होते. प्लेट लावल्यावर फिल्टर तेवढा खाली किंवा पुढे येतो, त्याला जागा आहे का पाहा. ऑइल टेम्परेचरसाठी संपच्या बोल्टच्या जागी बसणारा सेन्सर स्वस्त असतो, पण तो खाली लोंबतो. आपल्या गावांतले स्पीडब्रेकर बघता मी तो सुचवणार नाही.

सेन्सर बसवण्याआधी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तपासून घ्या, याचा कंटाळा करू नका. सेन्सरला नळी जोडा, गेजला १२ व्होल्ट द्या आणि सिग्नल वायरीवर मल्टिमीटर ठेवा. दाब शून्य: ०.५० व्होल्ट. दोन बार: १.३०. पाच बार: २.५०. मल्टिमीटर बरोबर आणि गेज चूक दाखवत असेल तर मेन्यूतली सेन्सर रेंज चुकलीय. १५० पीएसआयचा सेन्सर आणि मेन्यूत १०० पीएसआय ठेवला, तर खरे ३० पीएसआय असताना गेज २० दाखवतो. प्रत्येक आकडा एक तृतीयांशाने कमी. इंजिन अशक्त झालंय असं वाटून लोक बेअरिंगपर्यंत खर्च करतात, आणि चूक मेन्यूतली निघते.

अलार्म कितीला लावायचा? हजार फेऱ्यांमागे (आरपीएममागे) १० पीएसआय हा जुना ठोकताळा जुन्या इंजिनांना लागू होता. नव्या इंजिनांत ऑइल पंप गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतो, तिथे मध्यम फेऱ्यांना दाब मुद्दाम कमी ठेवलेला दिसेल, त्याने घाबरू नका. पहिले आठ-दहा दिवस अलार्म न लावता नुसता लॉग करा. ऑइल ९० अंशांवर असताना १०००, २०००, ३०००, ४००० फेऱ्यांना आपल्याच गाडीचा दाब किती, ते वहीत लिहा. अलार्म त्याच्या २५ टक्के खाली लावा, आणि शक्य असेल तर फेऱ्यांशी बांधून. सर्व फेऱ्यांना एकच आकडा ठेवला तर सिग्नलला उभं राहिल्यावर अलार्म उगाच वाजतो. दहा वेळा उगाच वाजला की अकराव्या वेळी तुम्ही त्याच्याकडे बघणारच नाही.

बूस्टचा स्वतंत्र सेन्सर लावणार असाल तर नळी थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. चार मिलिमीटरची जाड सिलिकॉन नळी, प्रत्येक टोकाला क्लॅम्प, आणि सेन्सर नळीच्या तोंडापेक्षा वर, म्हणजे ऑइलची वाफ त्यात उतरून साठत नाही. नुसता केबल टाय पहिल्या उन्हाळ्यात ढिला होतो, बूस्ट गळायला लागतो आणि तुम्ही टर्बोवर शंका घेत बसता. खरं तर ओबीडीतून दाब मिळतोय तेव्हा दुसरा सेन्सर हवाच असं नाही. चार ॲनालॉग इनपुट आहेत म्हणून चारही भरायचे, असा हिशेब नको.

सप्लाय फ्यूज बॉक्समधून टॅप फ्यूज लावून घ्या, गेजला ३ ॲम्पिअर पुरतो. चावी ऑनला चालू होणारं, पण सेल मारताना न पडणारं सर्किट शोधा. ॲक्सेसरीचं सर्किट घेतलं तर सेल मारताना सप्लाय तुटतो, लॉगर पुन्हा सुरू होतो आणि फाइलचे दोन तुकडे होतात. फायरवॉलमधून वायर नेताना नवीन भोक पाडू नका, असलेल्या रबरी ग्रोमेटमधून जा. आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे कास-महाबळेश्वरच्या पावसात पाणी वायरीवरून आत न येता झोळातून टपकतं. इग्निशन कॉइलच्या आणि टर्बोच्या बाजूने वायर नेऊ नका. जावंच लागलं तर फायबरग्लासची स्लीव्ह. गेज खिडकीच्या खांबावर छान दिसतो, पण कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत तिथे काहीही बसवायचं नाही. एसीच्या जाळीत बसणारा पॉड घ्या. लाइटची वायर जोडली नाही तर रात्री पडदा डोळ्यांवर येतो, तेवढी जोडाच.

आता लॉग.

ओबीडी म्हणजे प्रश्नोत्तरं आहेत. गेज एक आकडा मागतो, ईसीयू उत्तर देतो, मग पुढचा. सेकंदाला पंचवीसेक उत्तरं मिळत असतील आणि तुम्ही दहा रकाने निवडलेत, तर प्रत्येक रकाना सेकंदाला अडीच वेळाच भरतो. तिसऱ्या गिअरचा एक खेच (पेडल तळाला दाबून फेऱ्या वरपर्यंत नेणं) सहा-सात सेकंदांचा. सोळा-सतरा बिंदूंत बूस्टचा झटका कधी आला नि गेला, ते दिसणारच नाही. पाच रकाने ठेवलेत तर दुप्पट बिंदू. कॅनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या डेटा लाइनवर) एका मागणीत सहा पीआयडीपर्यंत विचारता येतात. तुमच्या गेजमध्ये ती सोय असेल तर चालू करा. गेज ओबीडीवर असताना दुसरा स्कॅनर स्प्लिटर लावून जोडू नका, दोघांच्या मागण्या एकमेकांत अडकतात आणि दोन्ही लॉगमध्ये भोकं पडतात.

म्हणून लॉग दोन प्रकारचे करा. पहिला खेचाचा: इंजिनाच्या फेऱ्या, मागितलेला दाब, मिळालेला दाब, इग्निशन टायमिंग आणि नॉकमुळे (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यामुळे) त्या टायमिंगमधून मागे घेतलेले अंश. शेवटचे आणि मागितलेला दाब साध्या ओबीडीत सहसा मिळत नाहीत. फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं साधन लागतं. दुसरा उष्णतेचा: आत येणाऱ्या हवेचं तापमान, कूलंट, ऑइल, वेग. तो सेकंदाला एकदा भरला तरी भरपूर.

तापमानाच्या रकान्यात मध्येच उणे ४० दिसलं तर हिमालयात गेल्याचं ते लक्षण नाही. ओबीडीत तापमान ४० वजा करून काढतात, सेन्सरकडून शून्य आलं की उणे ४० उमटतं. कपलर सैल आहे किंवा वायर तुटलीय.

पूर्ण दाबाचा खेच डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवणाऱ्या यंत्रावर) करा. तिसऱ्या गिअरला साडेपाच हजारांवर वेग शंभरच्या पलीकडे जातो, आणि चारपदरी महामार्गावर कारला कमाल मर्यादाच १०० आहे. खंबाटकीच्या उतारावर किंवा सातारा-कोरेगाव रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमध्ये असले प्रयोग कोणी करू नयेत. डायनोवर ऑइल ९० च्या वर आल्यावर तिसरा गिअर, २००० फेऱ्यांवर स्थिर, मग पेडल एका दमात तळाला. एकाच सेटिंगवर तीन खेच, मध्ये दोन-तीन मिनिटं पंख्यासमोर. पहिला खेच नेहमी सरस येतो, कारण सगळं थंड असतं. निर्णय दुसऱ्या-तिसऱ्यावर घ्यायचा.

वाचायचं कसं, ते नमुन्याच्या आकड्यांवर दाखवतो. दाब किलोपास्कलमध्ये, निरपेक्ष.

२००० फेरे: मागणी १८५, मिळाले १४८, आतली हवा ४६ अंश
२५००: मागणी २००, मिळाले १९४, ४७
३०००: मागणी २००, मिळाले २०९, ४९
४०००: मागणी २००, मिळाले २००, ५३
५०००: मागणी १९८, मिळाले १९५, ५८
५५००: मागणी १९५, मिळाले १८१, ६२

दोन हजारांवरची तूट म्हणजे टर्बो फिरायला लागतोय, ती नैसर्गिक. तीन हजारांवर ९ जास्त गेलं आणि लगेच परत आलं, हेही चालेल. १५-२० जास्त जाऊन वरखाली हेलकावत राहिलं तर वेस्टगेटचं (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेचं) नियंत्रण नीट नाही. लक्ष शेवटच्या ओळीवर द्या. १४ ची तूट. आता त्याच क्षणी वेस्टगेट कुठे होता ते पाहा. तो पूर्ण मिटलेला असूनही दाब मिळत नसेल तर टर्बोकडे देण्यासारखं उरलेलं नाही. कारणं तीन, आणि लॉग त्यांना वेगळं करतो. गळती असेल तर खालच्या फेऱ्यांनाही वेस्टगेट नेहमीपेक्षा जास्त मिटलेला दिसतो, कारण सगळीकडेच भरपाई करावी लागते. एअर फिल्टर किंवा आतली नळी कोंदली असेल तर खाली सगळं ठीक आणि तूट फक्त वरच्या फेऱ्यांना. उंचीचा परिणाम असेल तर तीच गाडी खाली उतरल्यावर तूट आपोआप कमी होते. म्हणूनच वर हवेच्या दाबाचा रकाना मागितला होता. साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धुळीत फिरणाऱ्या गाड्यांचा फिल्टर कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात भरतो, आधी तो बदला.

नॉकचे आकडे प्रत्येक सिलिंडरचे वेगळे असतात. एखाद्या सिलिंडरला अधूनमधून दीड-तीन अंश मागे जाणं म्हणजे ईसीयू आपलं काम करतोय. तिन्ही सिलिंडर सलग चार-पाच अंश मागे, आणि फेरे वाढतील तसे आणखी मागे, असं दिसलं तर पेडल सोडा, त्या दिवशीचे खेच संपले. कायम एकच सिलिंडर मागे जात असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर या क्रमाने त्याच सिलिंडरचं बघा. तुलना करायची तर पेट्रोल एकाच पंपाचं, एकाच ऑक्टेनचं हवं. टाकीत अर्धं जुनं असताना ९५ भरून केलेला लॉग काहीच सिद्ध करत नाही.

उष्णतेच्या लॉगसाठी आपल्याकडे पसरणी घाटासारखी दुसरी सोय नाही. वाईहून पाचगणीपर्यंत सुमारे सहाशे मीटर चढ, वेग तीस-चाळीस, दुसरा गिअर, समोरून वारा कमी, आणि वेगमर्यादा न मोडता इंजिनावर सलग भार. मे महिन्यात दुपारी दोनला हा लॉग घ्या. ऑइल ११०-११५ पर्यंत जाऊन स्थिरावलं तर उत्तम. १३० ओलांडून चढतच राहिलं तर थांबा, ऑइलचा ग्रेड आणि पातळी बघा, मगच ऑइल कूलरचा विचार. सर्वांत बोलका रकाना आत येणाऱ्या हवेचा. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्याने थंड होतो. त्या पाण्याचं चक्र इंजिनाच्या मुख्य कूलंटपासून वेगळं, त्याला विजेवर चालणारा वेगळा छोटा पंप. तो पंप मंदावला किंवा चक्रात हवा अडकली तर डॅशबोर्डवरचं कूलंट शांतपणे ९० दाखवत राहतं, आणि आतली हवा मात्र बाहेरच्यापेक्षा २० ऐवजी ४०-४५ अंशांनी गरम होते. गाडी घाटात मेल्यासारखी होते, नॉकचे अंश वाढतात, आणि दोष रिमॅपला जातो. लॉगमध्ये ते दोन्ही रकाने शेजारी असतील तर निदान दोन मिनिटांचं आहे. पंप हाताला थरथरतोय का बघा, कपलरला १२ व्होल्ट येतात का बघा, आणि कूलंट बदललं असेल तर हवा काढायची प्रक्रिया स्कॅनरने पुन्हा चालवा.

वाइडबँडबद्दल (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरबद्दल): या गाडीत पहिल्या टप्प्यात वेगळा लावू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला, त्याला लागून टर्बो, त्याला लागून कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर). मध्ये नीट जागाच नाही, आणि कॅटनंतर लावलेला सेन्सर उशिरा आणि बदललेला आकडा देतो. भाराखाली ईसीयूच्या लॅम्डाच्या (मिश्रण आदर्श प्रमाणाच्या किती पट, त्याच्या) रकान्यात ०.८५, ०.९० असे आकडे उतरताना दिसले तर कंपनीचा सेन्सरच वाइडबँड आहे, तोच लॉग करा. दुसऱ्या गाडीत लावणार असाल तर बॉश एलएसयू ४.९ साठी एम१८ बाय १.५ चा बंग (पाइपला वेल्ड करायचा आटेदार जोड), टर्बोपासून पाऊण ते एक मीटर लांब, घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान वरच्या बाजूला, म्हणजे पाणी सेन्सरवर साठत नाही. कंट्रोलर बंद ठेवून सेन्सर एक्झॉस्टमध्ये राहू द्यायचा नाही. न तापलेल्या सेन्सरवर काजळी बसून तो मरतो. त्याचा हीटर दोन-तीन ॲम्पिअर ओढतो, तेव्हा वेगळा रिले आणि ५ ॲम्पिअरचा फ्यूज. लॉगरच्या मेन्यूत कंट्रोलरचं सूत्र अचूक भरा: एईएम एक्स सिरीजला व्होल्ट गुणिले २.३७५ अधिक ७.३१२५, इनोव्हेट एलसी-२ ला ० व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९. एईएमचं सूत्र इनोव्हेटला लावलं की लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेलं) दिसतं.

आणि आकडा लॅम्डातच वाचा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. निव्वळ पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, ई२० चं साधारण १३.५. गेज सेन्सरचा लॅम्डा घेऊन त्याला १४.७ ने गुणतो, त्यामुळे पडद्यावरचा १२.५ हा ई२० वर खरा १२.५ नसतो. लॅम्डा ०.८५ मात्र दोन्ही पेट्रोलवर ०.८५ च.

राहिली बॅटरी. ओबीडीच्या कपलरमधली १६ नंबरची पिन चावी काढली तरी चालू असते. गेज ६० मिलिॲम्पिअर ओढत असेल तर दिवसाला जवळपास दीड ॲम्पिअर-तास, तीन आठवड्यांत तीस. त्यात गाडीचं स्वतःचं खाणं वेगळं. त्याहून वाईट म्हणजे काही गेज झोपलेल्या गाडीलाही प्रश्न विचारत राहतात, त्यामुळे गाडीची कॅन लाइनच झोपत नाही. मोजायचं असं: बॅटरीची निगेटिव्ह काढून मल्टिमीटर १० ॲम्पिअरवर मालिकेत लावा, बोनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर बॅटरीच म्हातारी झालीय. जास्त असेल तर ओबीडी कपलर काढून फरक बघा. फरक गेजचाच निघाला तर एक्स्टेन्शन केबल घ्या, तिच्यातली १६ नंबरची वायर कापून गेजच्या बाजूचं टोक चावीवर चालणाऱ्या टॅप फ्यूजला जोडा, गाडीच्या बाजूच्या टोकावर हीट श्रिंक चढवा. गाडीच्या मूळ कपलरला कात्री लावू नका. सर्व्हिसच्या वेळी तो अखंड लागतो.

हे केल्यावर चावी बंद करताच गेजची वीज तुटेल, म्हणून आधी लॉग थांबवायचा, दोन सेकंदांनी चावी काढायची. नाहीतर एसडी कार्डावरची शेवटची फाइल अर्धवट राहते. कार्ड ३२ जीबीचं, एफएटी३२ ने फॉरमॅट केलेलं. फाइलच्या नावात तारीख, जागा, बाहेरचं तापमान आणि पेट्रोल लिहा, जसं "मे१२_पसरणी_३८_ई२०". सीएसव्ही फाइल मेगालॉगव्ह्यूअरमध्ये उघडते, साध्या स्प्रेडशीटमध्येही. रिमॅप बदलण्याआधीचे तीन लॉग वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. पुढे ट्यूनरशी बोलताना सगळ्यात आधी तेच लागतील.